बास्केटबॉल अरिनाच्या सीट कोणी ठरवल्या?

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या अरिनाची (म्हणजे छप्पर असलेल्या बंदिस्त स्टेडियमची) कपॅसिटी शोधली की बास्केटबॉलला 19,812 आणि आइस हॉकीला 18,006 असे दोन आकडे मिळतात. बिल्डिंग तीच, छप्पर तेच, मग ही अठराशे माणसं जातात कुठे? तर हॉकीचा रिंक (बर्फाचं मैदान) असतो 200 बाय 85 फूट आणि एनबीए या अमेरिकेच्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगचं कोर्ट 94 बाय 50, त्यामुळे बर्फ झाकून वर लाकडी फ्लोअर जोडला की चारही बाजूंना जागा उरते, तिथे जादा रांगा बसतात, कोर्टाला खेटून खुर्च्या लागतात. हे असं का, तर मोठ्या अरिनांचे आकडे बराच काळ बास्केटबॉलने ठरवलेलेच नाहीत.

जेम्स नेस्मिथने 1891 ला अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या एका जिममध्ये बास्केटबॉल सुरू केला तेव्हा प्रेक्षक वगैरे डोक्यातच नव्हतं. टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या, 10 फुटांवर, आणि मग लोक बघायला यायला लागले ते त्याच बाल्कनीत, टोपलीच्या मागे उभे राहून हात घालून बॉल अडवायचे. टोपलीमागचा बोर्ड आला तो त्यामुळे.

खरी मोठी अरिना आली 1920 च्या दशकात, आणि ती हॉकी आणि बॉक्सिंगसाठी. बॉस्टन गार्डन 1928 चं, बॉक्सिंगच्या मॅच भरवणाऱ्या टेक्स रिकार्डने बॉक्सिंग डोळ्यासमोर ठेवून बांधलेलं, म्हणून सीट इतक्या जवळ की खेळाडूंना लोकांचं बोलणं ऐकू जायचं. बास्केटबॉलला तिथे 14,890 लोक बसायचे. 1946 ला नवी प्रोफेशनल लीग काढली (हीच पुढे एनबीए झाली) ती मुख्यतः अशाच अरिनांच्या मालकांनी, कारण हॉकी नसलेल्या रात्री हॉल रिकामा पडायचा. म्हणजे खेळाला घर मिळालं ते दुसऱ्याच्या मापाचं.

मग डोम, म्हणजे छप्पर घातलेली प्रचंड स्टेडियम, आली आणि आकडे एकदम उडाले. 20 जानेवारी 1968 ला ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये ह्यूस्टन विरुद्ध यूसीएलए ही कॉलेजची मॅच बघायला 52,693 लोक आले, कोर्ट बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध टाकलेलं, सगळ्यात जवळची सीटसुद्धा खूप लांब. एनबीएची डेट्रॉइट पिस्टन्स टीम तर 1978 पासून दहा वर्षं सिल्व्हरडोम या अमेरिकन फुटबॉलच्या डोममध्येच खेळली आणि जानेवारी 1988 मध्ये बॉस्टन सेल्टिक्सविरुद्ध 61,983 ची गर्दी झाली. एनबीएच्या रेग्युलर सीझनचा आजचा रेकॉर्ड 68,323, जानेवारी 2023, सॅन अँटोनिओचा अलामोडोम, तोही डोमच. मला हे रेकॉर्ड आवडतात, पण वरच्या रांगेतून मॅच दिसते ती स्क्रीनवरच, हे मान्य करायलाच हवं.

वळण आलं 1988 लाच. पिस्टन्स पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्स या नव्या अरिनात गेले, 22,000 च्या आसपास सीट, पण महत्त्वाचं म्हणजे एरवी छपराखाली लांब असणारे महागडे सूट (श्रीमंत प्रेक्षकांच्या खासगी खोल्या) इथे खाली कोर्टाजवळ आणले. त्यातून पैसा इतका आला की पुढे सगळ्यांनी तोच प्लॅन उचलला, आणि एकदा कमाई सूटमधून व्हायला लागली की वरच्या स्वस्त रांगा वाढवायची गरजच उरली नाही. एनबीएच्या वॉरियर्स टीमचं जुनं ओकलंडचं अरिना 19,596 चं, 2019 चं चेस सेंटर 18,064 चं. केंटकी युनिव्हर्सिटीची टीम खेळते ते रप अरिना 1976 ला 23,000 सीटचं होतं, वरचे बाक काढून पाठ टेकायच्या खुर्च्या लावल्या आणि आकडा साडेवीस हजारांवर आला. कपॅसिटी घटली हे ऐकायला वाईट वाटतं, पण स्वस्त तिकिटं कमी होणं ही त्यातली खरी खटकणारी गोष्ट आहे.

म्हणून एनबीएच्या क्लिपर्स टीमचं 2024 चं इंट्युइट डोम मला महत्त्वाचं वाटतं. 18,000 सीट, डिझाइन बास्केटबॉल धरून केलेलं, आणि एका बास्केटच्या मागे मध्ये एकही सूट न घालता सलग 51 रांगा घरच्या फॅन्ससाठी.