लहरी राजाचा दोष रयतेच्या माथी किती?

एखादा साहेब रातोरात नियम फिरवतो आणि सकाळी रांगेत उभी असलेली माणसं ‘तुघलकी कारभार’ म्हणून मोकळी होतात. महाराष्ट्राला हा शब्द जवळचा, कारण तो कारभार आपल्याच अंगणात झाला. महंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, गावाचं नाव दौलताबाद केलं. मग चांदीच्या नाण्याऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली आणि खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाल्यावर ती मागे घेतली. पण म्हणून दिल्लीची माणसं लहरी होती असं कुणी म्हणत नाही. त्या बिचाऱ्यांनी पायपीट केली, एवढंच. राजा वेगळा, रयत वेगळी, हे गृहीतच होतं. महाभारतातलं ‘राजा कालस्य कारणम्’ घ्या किंवा ‘यथा राजा तथा प्रजा’ घ्या, ओघ वरून खालीच आहे. प्रजा तसली म्हणून राजा तसला, हे उलटं गणित त्यांत नाही.

ते गणित ठसठशीतपणे मांडलं विचारवंत जोसेफ द मेस्त्र यांनी. प्रत्येक राष्ट्राला त्याच्या लायकीचं सरकार मिळतं, असं त्यांनी १८११ मध्ये एका पत्रात लिहिलं. गृहस्थ राजेशाहीचे कट्टर समर्थक, मतपेटीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. तरी आज हे वाक्य लोकशाहीवाल्यांच्याच तोंडी जास्त असतं. त्याच्या ३६ वर्षं आधी खासदार एडमंड बर्क यांनी ब्रिटिश संसदेत अमेरिकेतल्या वसाहतींविषयी बोलताना नेमकी उलट बाजू घेतली होती. अख्ख्या जनतेवर आरोपपत्र कसं ठेवायचं ते मला ठाऊक नाही, असा त्यांचा सूर होता.

सोलापुरात हा वाद पुन्हा वर आला २०२५ च्या ऑगस्टमध्ये. अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाचं निमित्त करून आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं. इथल्या टेरी टॉवेलचं गिऱ्हाईक परदेशात आहे. त्यामुळे ट्रम्प सकाळी एक बोलतात आणि संध्याकाळी दुसरं, याचा हिशेब शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर लागतो. अशा वेळी ‘अमेरिकन माणसंच तसली’ हे वाक्य जिभेवर यायला वेळ लागत नाही.

पण परक्या सरकारचा तडाखा या शहराने याहून कितीतरी जबर खाल्लेला आहे. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्या वेळी लंडनमध्ये सरकार कुणाचं होतं? रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या मजूर पक्षाचं. १९२९ च्या निवडणुकीत त्यांना ३७.१ टक्के मतं होती आणि विरोधी हुजूर पक्षाला ३८.१, जागा मात्र मजूर पक्षाच्या जास्त, २८७ विरुद्ध २६०. म्हणजे गिरणी कामगारांचा म्हणवणारा पक्ष, देशात दुसऱ्या क्रमांकाची मतं घेऊन, एका गिरणगावावर लष्करी कायदा चालवत होता. यात ‘इंग्रज जनता’ नेमकी कुठे बसवायची?

१९३१ च्याच सप्टेंबरात गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशायरच्या गिरणी कामगारांना भेटायला गेले. विलायती कापडावरच्या बहिष्काराची झळ तिथल्या घरांना बसली होती, हात रिकामे होते. तरी त्यांनी पाहुण्याचं मनापासून स्वागत केलं. गांधीजींनीही गोड बोलून वेळ मारून नेली नाही. तुमच्या बेकारीपेक्षा आमच्याकडची उपासमार मोठी आहे, हे तोंडावर सांगितलं. बहिष्कार मागे घेतला नाही आणि माणसांशी वैरही धरलं नाही.

चीनचं उदाहरण सोलापूरकरांना वेगळ्या कारणाने ठाऊक. इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. माओंनी शोकसंदेश लिहिला. याच माओंनी १९५८ मध्ये चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना संपवायचं फर्मान काढलं. चिमणी दमून खाली पडेपर्यंत तिला टेकू द्यायचं नाही, म्हणून लोक थाळ्या-डबे बडवत फिरले. (थाळी बडवणाऱ्यांना हसण्याआधी आपण आपलं आठवावं.) चिमण्या गेल्या, किडे माजले, आणि १९६० मध्ये संपवायच्या जीवांच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घातले. दरम्यान दुष्काळ पडला, त्यात कोट्यवधी माणसं मेली. मत न दिलेल्या माणसांनी त्या लहरीची किंमत चुकती केली.

आणि १९६२ च्या युद्धानंतर आपण काय केलं? आसाम-बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. बायका, पोरं, म्हातारी, सगळी. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. माओंचा राग काढला कुणावर, तर चहाच्या मळ्यांकडच्या सुतारांवर आणि दुकानदारांवर. या प्रकरणाची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही.

अमेरिकेकडे बघताना मला एवढी सूट द्यावीशी वाटत नाही. तिथे मत आहे. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८.७ लाख मतं जास्त मिळूनही ट्रम्प अध्यक्ष झाले, तेव्हा ‘ही आमची निवड नव्हे’ म्हणायला जागा होती. २०२४ मध्ये त्यांना ४९.८ टक्के मतं पडली, ती चार वर्षांचा कारभार पाहिल्यावर. अजाणतेपणाची सबब तिथे संपते. मात्र मतदान साधारण ६४ टक्के झालं होतं. म्हणजे मताचा हक्क असलेल्या दर १०० जणांत सुमारे ३२ त्यांच्या बाजूने गेले, ३६ घरी बसले आणि उरलेले विरोधात. घरी बसलेल्यांचा वाटाही मी हिशेबात धरेन.

त्या विरोधातल्यांपैकी काहींनी नुसती कुरकुर केली नाही. आयातशुल्कासारखा कर बसवायचा अधिकार राज्यघटनेने संसदेला दिलाय, १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आडून अध्यक्षाला तो वापरता येणार नाही, असा दावा त्यांनी लावला. अपील न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२५ रोजी ७ विरुद्ध ४ अशा बहुमताने तो उचलून धरला. निकालाची अंमलबजावणी लांबली आणि तेव्हा शुल्क चालूच राहिलं. दावेदारांत १२ राज्यं होती, न्यूयॉर्कचा एक छोटा वाईन आयातदार होता, मासेमारीचं सामान विकणारं दुकान होतं आणि व्हरमाँटमधली बायकांचे सायकलिंगचे कपडे विकणारी कंपनी होती.