वायोमिंगची शिकार: प्रॉन्गहॉर्न आणि म्यूल डिअर हा एकच बेत नव्हे

मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. काळवीटही हरीण, चितळही हरीण. वन्यजीवांवर लिहिणारे मात्र दोन गट पाडतात: सारंग, म्हणजे चितळ, सांबर, भेकर, ज्यांच्या नरांची शिंगं दरवर्षी गळून पुन्हा उगवतात, आणि कुरंग, म्हणजे काळवीट, चिंकारा, ज्यांची शिंगं जन्मभर टिकतात. अमेरिकेत आल्यावर वाटतं, डिअर म्हणजे सारंग आणि अँटेलोप म्हणजे कुरंग, संपला विषय. पण वायोमिंगच्या माळावर ज्याला सगळे अँटेलोप म्हणतात तो प्रॉन्गहॉर्न या दोन्हींत बसत नाही. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरलाय, आणि जिवंत प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत जिराफ आणि ओकापी. शिंगसुद्धा जगावेगळं: आत हाडाचा गाभा, वर नखासारखं आवरण. दरवर्षी आवरण गळतं, गाभा तसाच राहतो.

मिनेसोटात राहून आम्ही चौघं मित्र व्हाइटटेलच्या, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, शिकारीला सरावलो होतो. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रेहेकुरीचा काळवीट फक्त डोळे भरून बघायचा. इथे दरवर्षी कोटा ठरतो, परवान्यावर शिकार होते, आणि परवान्यांच्या पैशांवर राज्याच्या वन्यजीव खात्याचा बराच कारभार चालतो.) वायोमिंगचं ठरलं तेव्हा आमच्या बोलण्यात 'अँटेलोप-डिअर' हा एकच शब्द होता. एक ट्रिप, एक गाडी, दोन प्राणी: प्रॉन्गहॉर्न आणि म्यूल डिअर. चूक तिथेच झाली, आणि ती रायफल हातात घेण्याच्या चार महिने आधी, अर्ज भरताना झाली.

दोन्ही परवान्यांचे अर्ज बाहेरच्या राज्यातल्यांनी जूनच्या सुरुवातीपर्यंत भरायचे असतात, वेबसाइट एकच, फॉर्मही सारखाच दिसतो. पण अँटेलोपसाठी 'जनरल' परवाना नावाची गोष्टच नाही. राज्याचे क्रमांक दिलेले शिकार-विभाग आहेत, प्रत्येकाचा कोटा ठरलेला, आणि ज्या विभागाचा ड्रॉ, म्हणजे सोडत, लागेल त्याच विभागात शिकार. डिअरचं वेगळं. काही विभाग कोट्याचे आहेतच, पण बाहेरच्यांसाठी जनरल परवानासुद्धा आहे, आणि तो इंग्रजी अक्षरांच्या नावाच्या एका मोठ्या प्रदेशापुरता चालतो. एका प्रदेशात अनेक विभाग येतात. म्हणजे डिअरच्या परवान्यावर फिरायला मोकळीक, अँटेलोपच्या परवान्यावर कुंपण. म्हणून आधी अँटेलोपचा विभाग ठरवायचा आणि मग तो ज्या प्रदेशात पडतो तिथला डिअरचा अर्ज भरायचा. उलट केलंत तर एक परवाना राज्याच्या या टोकाचा आणि दुसरा त्या टोकाचा मिळेल.

आता पॉइंट. तुमच्याकडे जितके प्रेफरन्स पॉइंट, तितके तुम्ही रांगेत पुढे. कोट्याच्या ७५ टक्के परवाने या रांगेतून जातात, उरलेले २५ टक्के निव्वळ सोडतीने. अँटेलोपचे आणि डिअरचे पॉइंट वेगवेगळे. एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. ज्या वर्षी जायचं नाही त्या वर्षी नुसता पॉइंट विकत घेता येतो, अँटेलोपचा ३१ डॉलरला, डिअरचा ४१ डॉलरला. सहा जणांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो, आणि तेव्हा सगळ्यांच्या पॉइंटची सरासरी धरली जाते. आमच्यात दोघांकडे अँटेलोपचे चार-चार पॉइंट होते, दोघांकडे शून्य. सरासरी आली दोन. आम्ही जो विभाग निवडला होता तिथे दोनावर काही होणार नव्हतं, आणि एकत्र अर्जाचा नियम असा की लागला तर सगळ्यांना, नाही तर कुणालाच नाही. डिअरचा लागला, अँटेलोपचा नाही. ऑक्टोबरमध्ये साडेसातशे मैल गाडी हाकून आम्ही वायोमिंगमधल्या जिलेट गावाच्या आसपास पोहोचलो आणि पाच दिवस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चरणारे प्रॉन्गहॉर्न नुसते बघत राहिलो.

माझं स्पष्ट मत आहे: शून्य पॉइंटवाल्यांनी एक-दोन वर्षं पॉइंट जमवावेत आणि तोवर सगळ्यांनी थांबावं, किंवा सरासरीला झेपेल असा सोपा विभाग निवडावा. पण सोपा विभाग म्हणजे बहुतेक वेळा खासगी जमीन जास्त. ड्रॉ लागतो आणि पाय ठेवायला जागा मिळत नाही. अर्ज करण्याआधीच नकाशावर सरकारी जमीन किती आहे, तिथपर्यंत रस्ता पोहोचतो का, हे बघा, आणि रँचवर जायचं असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या.

पैशांत दोन्ही जवळपास सारखे. बाहेरच्या माणसाला साधा अँटेलोप परवाना ३२६ डॉलर, डिअर ३७४, वर प्रत्येक अर्जाचे १५. 'स्पेशल' नावाच्या महाग परवान्याला दोन्हीकडे १,२०० डॉलर; तिथे स्पर्धा सहसा कमी असते, इतकंच. १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचा दाखला लागतो. आणि एच-१बीवाल्या मित्रांनो, हे नीट वाचा: या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणून आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राची बंदूक घेतलीत तरी हेच.

माळावर उतरल्यावर दोघांतला फरक अंगावर येतो. प्रॉन्गहॉर्न दिवसभर उघड्यावर दिसतो. लपणं त्याच्या स्वभावात नाही. नजर आणि ताशी ८५-९० किलोमीटरचा वेग यावर तो जगतो. तुम्ही त्याला पाहण्याआधी त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं. त्यामुळे चौघांनी एका रांगेत चालत जाणं म्हणजे कळप पलीकडच्या टेकडीवर पाठवणं. दोघंच जा, ओघळीतून वाकून जा, शेवटचे शंभर यार्ड निवडुंगाचे काटे चुकवत पोटावर सरका. म्यूल डिअर पहाटे आणि संध्याकाळी बाहेर येतो, दिवसा घळीत सावलीला बसतो. आधी दुर्बिणीने शोधायचा, दिसायचे ते नुसते कान. खेचरासारखे मोठे कान म्हणूनच तर नाव म्यूल. दोन्ही परवाने हातात असले तर दिवसाची वाटणी आपोआप होते: पहाट-संध्याकाळ डिअरला, मधला वेळ अँटेलोपला.

कुंपणाशी एक गंमत बघायला मिळते. म्यूल डिअर काटेरी तारेवरून उभ्या जागेवरून उडी मारतो. प्रॉन्गहॉर्न, इतका वेगवान असून, उडी टाळतो आणि खालच्या तारेखालून गुडघे टेकून सरकतो. खालच्या तारेला अडकलेले पांढरे-पिंगट केस दिसले की समजायचं, इथून त्यांची वाट आहे.

नर-मादी ओळखण्यात मात्र घाई नको. म्यूल डिअरच्या मादीला शिंगं नसतात, त्यामुळे गोंधळ कमी. प्रॉन्गहॉर्नच्या मादीला बारीक शिंगं असू शकतात. गालावर, जबड्यामागे काळा डाग दिसला तर नर. तुमचा परवाना टाइप १ असेल तर कोणताही चालेल. स्वस्तातला टाइप ६ असेल तर फक्त मादी किंवा पिल्लू. शिवाय प्रॉन्गहॉर्न एकमेकांना चिकटून उभे राहतात. गोळी आरपार जाऊन मागच्यालाही लागते. मागे मोकळी जमीन दिसेपर्यंत थांबायचं, मग भले कळप निघून जाओ.

आणि मांस. प्रॉन्गहॉर्नला उग्र वास येतो ही तक्रार मी इतक्यांकडून ऐकली आहे की वाईट वाटतं, कारण तो दोष बहुतेक वेळा जनावराचा नसतो. हंगामाच्या सुरुवातीला दुपारी ऊन असतं, त्याच्या पोकळ केसांच्या कातडीत उष्णता कोंडते, आणि लोक फोटो काढत बसतात. पोट लगेच साफ करा, कातडी तिथेच सोला, तासाभरात मांस बर्फावर गेलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी आम्ही हेच केलं. त्या मटणाचा रस्सा घरी आईलासुद्धा आवडला.

परतीच्या प्रवासात पुन्हा फरक. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग, डिअर, एल्क, मूज या सारंग कुळातल्यांना होतो; प्रॉन्गहॉर्न त्या कुळातला नाही, त्याच्यात तो आढळलेला नाही. म्हणून मिनेसोटात बाहेरून डिअरचं अख्खं धड आणता येत नाही. डोकं आणि पाठीचा कणा तिकडेच सोडायचा, शिंगं आणायची तर कवटीचा तुकडा स्वच्छ खरवडून. आमच्या गाडीत आता दोन रंगांचे कूलर असतात: निळ्यात प्रॉन्गहॉर्न, लालमध्ये हाडं काढलेला डिअर, आणि प्रत्येक पिशवीवर मार्करने नाव, तारीख आणि परवान्याचा नंबर.