बोटांना मोजू द्यावे

ख्रिस्ती प्रार्थनेत हातातल्या वस्तूचा सर्वांत जुना ठळक उल्लेख साध्या खड्यांचा आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात फेर्मे डोंगरावरचा पौल नावाचा संन्यासी रोज 300 प्रार्थना म्हणे. तितके खडे मांडीवर घेऊन बसायचे आणि एकेक प्रार्थना झाली की एकेक खडा टाकून द्यायचा, ही त्याची रीत. या संन्याशांच्या हकीकती लिहिणाऱ्या पल्लाडियसने इ.स. 420 च्या सुमारास ती लिहून ठेवली. त्याच हकीकतीत पुढे, एका गावातली कुमारिका 700 प्रार्थना म्हणते हे ऐकून पौल खिन्न होतो आणि मकारियुस नावाच्या वडीलधाऱ्या संन्याशाकडे जातो. मकारियुस सांगतो की मी शंभरच म्हणतो, पण माझे मन मला खात नाही. मोजायला साधन मिळाले की आकड्याचीच चढाओढ लागते, हे दुखणे असे पहिल्यापासूनचे.

खडे बसल्या जागीच उपयोगी. चालताना किंवा अंधारात दोरी बरी. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मठांत लोकरीच्या गाठींची दोरी रुळली. ग्रीक तिला कोंबोस्कीनी म्हणतात, रशियन चोत्की. गाठी 33, 50 किंवा 100. धागा क्रूसाच्या आकारात एकमेकांत गुंतवत प्रत्येक गाठ बांधतात, त्यामुळे ती सहजी सुटत नाही. लोकरीचा आवाज होत नाही, हाही फायदाच. एका गाठीला एक येशू-प्रार्थना: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’

पश्चिमेत आकडा आला तो स्तोत्रसंहितेतून, म्हणजे बायबलमधल्या 150 स्तोत्रांच्या पुस्तकातून. मठवासी ही सगळी स्तोत्रे म्हणत. ज्यांना लॅटिन वाचता येत नसे ते त्याऐवजी 150 वेळा प्रभूची प्रार्थना म्हणत. लॅटिनमध्ये तिचे पहिले शब्द ‘पातेर नोस्तेर’ (‘आमच्या पित्या’), म्हणून मण्यांच्या माळेलाही तेच नाव पडले. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ही माळ करणाऱ्या कारागिरांचे वेगवेगळे संघ होते: हाड व शिंगवाले निराळे, पोवळे व शिंपलेवाले निराळे.

पुढे ‘नमो मारिया’ या येशूच्या आईला उद्देशून असलेल्या प्रार्थनेची जपमाळ रूढ झाली आणि 1569 मध्ये पोप पायस पाचवे यांनी तिला ठरीव रूप दिले. आजच्या माळेत 59 मणी असतात: 53 ‘नमो मारिया’चे, 6 प्रभूच्या प्रार्थनेचे. दहा ‘नमो मारिया’चा गट म्हणजे एक दशक; पाच दशकांची एक फेरी. प्रत्येक दशकाला येशू किंवा मारियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात आणतात, त्याला रहस्य म्हणतात. आनंदाची, दुःखाची व गौरवाची रहस्ये मिळून तीन फेऱ्या केल्या की दशकांतल्या ‘नमो मारिया’ बरोबर 150 भरत. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्ये सुचवली. चारही फेऱ्या धरल्या तर बेरीज 200 होते आणि स्तोत्रांशी असलेला जुना हिशेब तुटतो. याची खंत करणारे आजही भेटतात.

माळ घेताना दशकांमधला मणी चाचपून पाहावा. तो आकाराने मोठा किंवा दोन्ही बाजूंनी अंतर सोडून ओवलेला हवा. सगळे मणी एकसारखे आणि खेटून असले की बोटाला दशक संपल्याचे कळत नाही. मग डोळे उघडून बघावे लागते आणि लक्ष तिथेच मोडते.

अँग्लिकन मंडळींची 33 मण्यांची माळ अगदी अलीकडची, 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जुळवलेली. सात-सात मण्यांचे चार ‘आठवडे’, त्यांच्यामध्ये चार मोठे मणी आणि सुरुवातीचा एक. प्रत्येक मण्यावर काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे.

मुठीत धरायचा लाकडी क्रूस तर काहीच मोजत नाही. त्याचे आडवे हात मुद्दाम तिरपे, कमीजास्त लांबीचे कोरतात. मूठ मिटल्यावर ते बोटांच्या फटींत बसतात. सरळ, काटकोनी क्रूस थोड्याच वेळात तळव्याला रुततो.