श्वासपटल
श्वासपटल (मध्यपटल) : छातीची पोकळी आणि उदराची पोकळी यांच्यामध्ये आडवा ताणलेला, घुमटाच्या आकाराचा पातळ स्नायू. श्वास आत घेण्याचे बहुतेक काम हाच करतो. स्नायूंचा असा पूर्ण पडदा फक्त सस्तन प्राण्यांत आढळतो. शाळेत त्याची ओळख ‘श्वसनाचा स्नायू’ एवढ्यावरच संपते आणि ती अर्धवट राहते. धड ताठ ठेवणे हेही त्याचेच काम आहे. बसण्याची ढब, धावणे, ओझे उचलणे, विश्रांती या सगळ्यांचा श्वासाशी जो संबंध जाणवतो, तो बराचसा या दुहेरी नोकरीतून येतो.

त्याची कडा खालच्या बरगड्या, उरोस्थीचे (छातीच्या मधल्या हाडाचे) टोक आणि कमरेचे मणके यांना चिकटलेली असते. मधला भाग स्नायूचा नसून कंडरेचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीचा, पांढरट आणि चिवट असतो. खाली यकृत असल्याने उजवा घुमट डाव्यापेक्षा जरा वर राहतो. महाधमनी, अन्ननलिका आणि अधोमहाशीर (खालच्या अंगातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) यांना जाण्यासाठी त्यात तीन वाटा आहेत. अन्ननलिकेच्या वाटेभोवतीचे स्नायुतंतू तिला चिमटीत धरतात आणि जठरातले आम्ल वर येऊ देत नाहीत. ही चिमटी सैल पडली की छातीत जळजळ सुरू होते.

पडदा छातीच्या तळाशी असला तरी त्याला हुकूम मानेतून येतो. गर्भावस्थेत तो मानेजवळ तयार होऊन मग खाली सरकतो आणि आपली फ्रेनिक चेता (मज्जातंतू) बरोबर ओढत नेतो. ही चेता मानेतल्या मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. म्हणून त्याच्याही वर मज्जारज्जू तुटला, तर माणसाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. याच चेतेमुळे पडद्याला खालून सूज किंवा रक्त लागले, तर दुखते मात्र खांद्यात.

स्नायू आकुंचन पावला की घुमट खाली दबतो, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. शांत श्वासात तो एक-दोन सेंटिमीटर सरकतो, खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. बाहेर सोडण्याला सहसा कष्ट लागत नाहीत. ताणलेली फुफ्फुसे आपोआप आक्रसतात. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा. दिवसाचा हिशेब २०,०००च्या आसपास जातो. ‘पोटात श्वास भरा’ ही योगवर्गातली सूचना सोयीची आहे, पण पोटात हवा जात नाही. वरून दाब आल्यावर यकृताला आणि आतड्यांना जागा हवी असते, म्हणून पोट पुढे येते.

दुसरी नोकरी दाबाची. श्वासपटल वरून, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू खालून आणि पोटाच्या भिंती बाजूंनी आवळल्या की उदर भरलेल्या पखालीसारखे घट्ट होते आणि कण्याला पुढून टेकू मिळतो. ऑस्ट्रेलियातले संशोधक पॉल हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये माणसांना झटकन हात उचलायला सांगून श्वासपटलाची हालचाल नोंदवली. खांद्याचा स्नायू जागा होण्याच्या किंचित आधीच श्वासपटल आवळत होते, मग त्या क्षणी श्वास आत जात असो की बाहेर. हॉजेस यांच्याच पुढच्या कामात दिसले, की श्वासाची गरज वाढली की धड सावरण्याचे काम मागे पडते. दोन मालकांत ओढाताण झाली की श्वास जिंकतो. सिंहगडाच्या शेवटच्या चढावर कंबर का ढिली पडते आणि पाऊल का वेडेवाकडे पडते, याचे एक कारण हे असावे.

पोक काढून बसल्यावर बरगड्या कमरेकडे येतात आणि पडद्याला खाली जायला जागा उरत नाही. पण कवायतीतले ‘छाती पुढे, पोट आत’ हेही काही आदर्श नव्हे. आवळून धरलेले पोटही त्याची तीच वाट अडवते. धावून दमलेल्या मुलांना ‘वाकू नका, हात डोक्यावर ठेवा’ असे मैदानावर सर्रास सांगितले जाते. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात २० महिला फुटबॉलपटूंची तुलना केली, तेव्हा हात गुडघ्यांवर टेकून वाकलेल्यांचे हृदयाचे ठोके लवकर उतरले. थोडे वाकल्याने घुमट पुन्हा चांगला वर येतो, असा त्यामागचा तर्क आहे. मुलांना हे कोणी न शिकवता कळलेले असते.

पोते पाठीवर घेताना हमाल दम रोखतो, तेव्हा कंठ बंद करून तो हाच दाब वाढवत असतो. शौचाला कुंथताना आणि बाळंतपणात जोर लावताना तेच घडते. त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. म्हणून हृदयरोग्यांना वजन उचलताना श्वास सोडायला सांगतात.

चालीशी श्वासाचे नाते सर्वांत उघड दिसते ते घोड्यात. चौखूर उधळलेला घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो. ब्रॅम्बल आणि कॅरियर या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले, की चौपायांना हा मेळ चुकवणे अवघड जाते. दोन पायांच्या माणसाला मात्र मोकळीक आहे. दोन झेपांना एक श्वास हा प्रकार जास्त दिसतो, पण चाल बदलली की तोही बदलतो. फार जोराच्या व्यायामात श्वासपटल स्वतःच थकते, आणि मग शरीर पायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त त्याच्याकडे वळवते. पाय जड झाले असे वाटते, त्यात याचाही वाटा असतो.

हठयोगातल्या उड्डियान (पोट आत ओढून धरणे) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणे) या क्रियांत श्वास पूर्ण सोडून हा घुमट वर ओढला जातो. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२४च्या सुमारास क्ष-किरण आणि दाबमापक लावून या क्रिया तपासल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणाहून कमी दाब निर्माण होतो असे त्यांना आढळले आणि त्याला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. योगाला प्रयोगशाळेत नेण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. त्याचे श्रेय अजून पुरेसे दिले जात नाही.

विश्रांतीच्या बाबतीत मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांचे नाव घ्यावे लागते. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. ते नुसते पडून राहणे नव्हते. श्वासपटलाने संथ श्वास घ्यायचा आणि सोडल्यावर जरा जास्त थांबायचे. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी झाली. तुलनेसाठी वेगळा गट नसल्याने आजच्या कसोटीवर तो पुरावा कच्चा ठरतो. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला की रक्तदाबाच्या स्वाभाविक लाटांशी त्याचा मेळ बसतो, हे मात्र नंतर चांगले मोजले गेले आहे.

श्वासपटलाला स्वतःला सुट्टी नाही. स्वप्नांच्या झोपेत हातापायांचे स्नायू लुळे पडतात, हे चालूच राहते. म्हणून ते दुबळे झाले असेल, तर त्रास बहुधा आधी रात्री कळतो. सक्तीची सुट्टी तर त्याला मानवतच नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास पूर्णपणे कृत्रिम श्वासावर असलेल्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सोडवायला दिवस लागतात, त्यामागे हेही कारण असते.

उचकी म्हणजे याच स्नायूचा अचानक झटका आणि लगेच बंद होणारा कंठ. आपल्याकडे ती लागली की कोण आठवण काढतेय म्हणून नावे घेतात. दोन दिवस टिकली तर डॉक्टर गाठावा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील चार्ल्स ऑसबोर्न यांना १९२२ मध्ये डुकराचे वजन करताना उचकी लागली, ती १९९० मध्ये थांबली. पुढच्याच वर्षी ते वारले.