दातांभोवतीचे कृत्रिम अस्थिरोपण

पायोरियामुळे किंवा दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजते. त्या खड्ड्यात कारखान्यात तयार केलेले खनिज दाणे भरून नवे हाड वाढवण्याचा हा उपचार. हाड पोकळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरण्याचा प्रयोग जर्मनीत ड्रीसमन यांनी १८९२ मध्येच नोंदवला होता. आज मुख्यतः हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट, बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हाडातल्या खनिजासारख्या या दोन कॅल्शियम क्षारांचे मिश्रण आणि जैवसक्रिय काच वापरतात.

दाणे स्वतः हाड तयार करत नाहीत. ते वेलीसाठी घातलेला मांडव आहेत. वेल शेजारच्या जिवंत हाडातूनच यावी लागते. भरलेल्या दाण्यांत रक्त मुरून गुठळी होते, काही दिवसांत तिच्यात केशवाहिन्या शिरतात, त्यांच्यामागून अस्थिजनक पेशी येतात आणि दाण्यांवर कच्चे हाड धरते. ते पक्के व्हायला कित्येक महिने जातात. दरम्यान ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळत जाऊन हाडाला जागा देते. दाट हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते.

काचेची तऱ्हा वेगळी. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये केलेल्या या काचेत वजनाने ४५ टक्के सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) असते. शरीरद्रवात तिच्यातून सोडियम निघून जाते, वर सिलिकाचा जेलसारखा थर येतो आणि त्यावर हाडातल्यासारखेच कार्बोनेटयुक्त अ‍ॅपॅटाइट बसते. हाड त्यालाच चिकटते.

एक्स-रेवर खड्डा पांढरा दिसला म्हणजे हाड भरले, असे समजणे धोक्याचे आहे, कारण दाणेही पांढरेच दिसतात. शिवाय दाताभोवती नुसते हाड पुरत नाही. मुळावर सिमेंटम (मुळाचे पातळ कठीण आवरण) आणि त्याला हाडाशी बांधणारे तंतूही नव्याने यावे लागतात. हिरडीच्या आवरणातील पेशी सर्वांत वेगाने वाढतात आणि मुळालगत आधी खाली उतरतात. मुळावर प्रथम कोणत्या पेशी पोचतात त्यावर जखम कशी भरून येईल ते ठरते, हा विचार संशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला. हिरडीच्या पेशी अडवण्यासाठी हिरडी आणि खड्डा यांमध्ये पडदा घालण्याची पद्धत त्यावरच उभी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या नमुन्यांत कृत्रिम दाणे पुष्कळदा तंतुमय ऊतीत वेढलेले आढळले आहेत. तरीही हिरडीतली खोल फट कमी होते, दात टिकायला मदत होते, आणि रुग्णासाठी हा लाभ खरा आहे.

तीन बाजूंनी हाड शाबूत असलेला अरुंद खड्डा उत्तम भरतो. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि साचलेले किटण यांनी काम बिघडते. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा महिने तिथे फटीची खोली मोजायची सळई घालत नाहीत. कोवळी जोडणी तेवढ्याने उसवू शकते.