केंडल अ‍ॅट लाँगवुड

केंडल अ‍ॅट लाँगवुड : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात केनेट स्क्वेअर या गावाजवळ असलेली, ज्येष्ठांसाठीची ना-नफा निवासी वसाहत. स्थापना १९७३. धडधाकट असताना इथे राहायला यायचे, पुढे मदत लागू लागली की ती इथेच घ्यायची आणि अंथरुणाला खिळलो तरी त्याच आवारात राहायचे, अशी येथील व्यवस्था आहे. अशा वसाहतींना अमेरिकेत ‘कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी’ म्हणतात. २०१५ पासून ‘लाइफ प्लॅन कम्युनिटी’ हे नावही वापरात आले आहे. मराठीत चटकन ‘वृद्धाश्रम’ हा शब्द ओठांवर येतो, पण तो इथे लागू पडत नाही. वृद्धाश्रम म्हटले की निराधारपण किंवा मुलांनी दूर केलेले आईवडील डोळ्यांसमोर येतात. केंडलमध्ये माणसे हातपाय चालत असताना, स्वतःच्या पैशाने आणि स्वतः ठरवून येतात.

वसाहतीचा उगम क्वेकर समाजात आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या या ख्रिस्ती पंथाच्या पारंपरिक सभेत पुरोहित नसतो. सभासद एकत्र बसून मौन पाळतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो बोलतो. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन हा क्वेकर असल्यामुळे तिथे हा समाज आरंभापासून रुजला. केनेट स्क्वेअरच्या परिसरातील क्वेकर कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना घरात लपवून पुढे पोचवण्याचे काम केले होते. ‘केंडल’ हे नाव उत्तर इंग्लंडमधील एका गावाचे आहे. आरंभीच्या क्वेकर प्रचारकांच्या प्रवासासाठी आणि तुरुंगात पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी १६५४ च्या सुमारास तिथे निधी उभारला गेला होता. अडचणीच्या काळासाठी आधीच सर्वांनी मिळून पैसा बाजूला काढायचा, ही त्या निधीमागची कल्पना. वसाहतीचे हिशेब पाहिले की नाव किती चपखल निवडले हे कळते.

याच राज्यातील ग्विनेड येथे १९६७ मध्ये सुरू झालेली ‘फाउल्कवेज’ ही क्वेकरांची अशा प्रकारची आधीची वसाहत. केंडल तिच्यानंतर सहा वर्षांनी उभी राहिली आणि १९७७ मध्ये शेजारीच ‘क्रॉसलँड्स’ ही भगिनी-वसाहत झाली. प्रसिद्ध लाँगवुड उद्यान इथून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील जुनी वृक्षराजी पिअर्स या क्वेकर कुटुंबाने लावलेली; ती लाकडासाठी तोडली जाणार असे कळल्यावर उद्योगपती पिअर द्यू पाँ यांनी १९०६ मध्ये ती जमीन विकत घेतली. केंडलमधील घरे बैठी असून झाकलेल्या वाटांनी मध्यवर्ती इमारतीला जोडलेली आहेत. पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात बर्फ पडतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की पुष्कळदा त्याचे स्वतंत्र आयुष्य तिथेच संपते. वरून छप्पर असलेली ती वाट म्हणूनच उपचाराइतकी मोलाची आहे.

सेवांचे तीन टप्पे असतात : स्वतंत्र निवास, आंघोळ-कपडे-औषधे यांत मदत मिळणारा निवास आणि चोवीस तास परिचारिका असलेला शुश्रूषा विभाग. पतीला स्मृतिभ्रंश झाला तर पत्नीला घर सोडावे लागत नाही आणि त्याला भेटायला गाडी काढून दुसऱ्या गावीही जावे लागत नाही. ती चालत जाऊन त्याला जेवण भरवू शकते. या व्यवस्थेचे मोल पैशात मोजता येणार नाही. ग्रंथालय, बागकाम, सुतारकाम, सभा-संगीत यांत रहिवासी स्वतः पुढाकार घेतात. त्यांच्या समित्या असतात. क्वेकर असण्याची अट नाही.

आर्थिक बाजू नीट समजून घेण्यासारखी आहे. येताना मोठे प्रवेश-शुल्क आणि नंतर दरमहा शुल्क भरावे लागते. करारांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. ‘अ’ प्रकारात, म्हणजे आजीवन शुश्रूषेच्या करारात, माणूस शुश्रूषा विभागात गेला तरी मासिक शुल्क जवळपास तेच राहते. ‘ब’ प्रकारात ठरावीक मर्यादेपर्यंतच सवलत मिळते. ‘क’ प्रकारात जी सेवा घ्याल तिचे त्या वेळच्या दराने पैसे द्यावे लागतात. केंडल ‘अ’ प्रकारासाठी ओळखली जाते. तत्त्व विम्याचे आहे : आज धडधाकट असलेल्यांच्या पैशातून आजच्या आजाऱ्यांची शुश्रूषा होते. म्हणून प्रवेशापूर्वी आरोग्य-तपासणी असते, आणि उशिरा जागे झालेल्याला बहुधा हा करार मिळत नाही. अमेरिकेत ‘मेडिकेअर’ ही वृद्धांची सरकारी योजना दीर्घकालीन सांभाळाचा खर्च देत नाही आणि ‘मेडिकेड’ माणसाची पुंजी जवळपास संपल्यावरच मदतीला येते. मधल्या पोकळीत कुटुंबेच्या कुटुंबे धुऊन निघतात. या वसाहती त्या पोकळीवरचे उत्तर आहेत.

मात्र आजीवन वचन देणे सोपे आणि पाळणे कठीण. मेथडिस्ट चर्चशी संबंधित ‘पॅसिफिक होम्स’ या कॅलिफोर्नियातील संस्थेने पूर्वी ठरलेल्या रकमेत आयुष्यभराच्या सांभाळाचे करार केले होते. माणसे अंदाजापेक्षा जास्त जगली, महागाई वाढली आणि १९७७ मध्ये संस्था दिवाळखोरीत गेली. आयुष्याची कमाई सोपवून बसलेल्या वृद्धांना न्यायालयात जावे लागले. त्या धक्क्यानंतर ठरीव रकमेचे करार मागे पडले, आयुर्मानाच्या गणितावर आधारलेले हिशेब आले आणि अनेक राज्यांनी नियमन कडक केले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१० मध्ये केलेल्या पाहणीत अशा १,८६१ वसाहती आढळल्या. तोवर ३८ राज्यांत त्यांच्यावर काही ना काही देखरेख होती.

‘ना-नफा’ म्हणजे स्वस्त, असा समज होऊ नये. ही वसाहत सुस्थितीतल्या मध्यम व उच्च-मध्यम वर्गाची आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. शब्दाचा खरा अर्थ अमेरिकी करखात्याच्या १९७२ च्या एका निर्णयात सापडतो. वृद्धांचे निवासगृह धर्मादाय कधी मानायचे? त्याने निवास, आरोग्य आणि आर्थिक सुरक्षितता या तिन्ही गरजा भागवल्या तर. आर्थिक सुरक्षिततेची कसोटी अशी की एकदा आत घेतलेल्या माणसाचे पैसे पुढे संपले, तरी संस्थेने होता होईल तो त्याला ठेवून घ्यावे.

केंडलचे सर्वांत मोठे काम यापलीकडचे आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. केंडल सुरू झाली त्या काळी अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांत वृद्धांना बांधून ठेवणे ही रोजची रीत होती. बिनबाह्यांची बंडी अंगात घालून तिचे बंद खुर्चीच्या पाठीमागे आवळायचे, मनगटाला मऊ पट्टा बांधायचा, समोरचा ट्रे असा अडकवायचा की माणसाला उठता येऊ नये. कारण एकच दिले जाई : पडतील. १९८० च्या दशकात तेथील शुश्रूषागृहांतले सुमारे ४० टक्के रहिवासी असे जखडलेले असत. बांधलेल्या माणसाचे स्नायू वितळतात, पाठीला जखमा होतात, लघवीवरचा ताबा जातो, तो ओरडू लागतो. आणि ओरडतो म्हणून त्याला आणखी बांधतात. त्या पट्ट्यांनीच गळफास लागून मृत्यूही झाले आहेत.

केंडलने १९७३ मध्ये पहिल्या दिवसापासून कोणालाही न बांधण्याचे ठरवले आणि पाळले. वसाहतीचे प्रमुख लॉइड लुइस यांचा त्यामागे आग्रह होता. ईश्वराचा अंश असलेल्या माणसाला खुर्चीला जखडता येत नाही, इतकी ही गोष्ट सरळ होती. पण नुसत्या श्रद्धेवर ती चालली नसती. कर्मचाऱ्यांना वेगळा विचार करावा लागला. आजोबा रात्री उठतात, तर का उठतात? लघवीला लागली असेल, गुडघा दुखत असेल, भूक लागली असेल किंवा आयुष्यभर पहाटे उठायची सवय असेल. कारण सापडले की उपाय सापडतो : पलंग बुटका करणे, बाजूला गादी टाकणे, ठरल्या वेळी शौचाला नेणे, पहाटे सोबत फेरी मारणे. कधी तरी माणूस पडेल, हे कुटुंबालाही आधीच सांगावे लागते.

१९८६ मध्ये केंडलने ‘अनटाय द एल्डर्ली’, म्हणजे ‘वृद्धांना मोकळे करा’, ही मोहीम सुरू केली. १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यास मनाई केली. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या वृद्धत्वविषयक समितीसमोर झालेल्या परिसंवादात केंडलने आपला सोळा वर्षांचा अनुभव मांडला. बांधल्याशिवाय चालतच नाही म्हणणाऱ्यांना आता न बांधता चाललेली जागा दाखवता येत होती. पुढच्या दोन दशकांत बांधलेल्या रहिवाशांचे प्रमाण देशभर काही टक्क्यांवर आले.

पुढे केंडलच्या धर्तीवर हॅनोव्हर (१९९१), ओबर्लिन (१९९३), इथाका (१९९५) आणि हडसन नदीकाठी (२००५) अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या गावांत आहेत, त्यामुळे रहिवाशांना व्याख्याने आणि मैफली सहज मिळतात. ओहायोतील ओबर्लिनच्या वसाहतीत तर आवारातच बालवाडी आहे, आणि तिथली लहान मुले आजी-आजोबांच्या सोबतीने खेळतात, गाणी म्हणतात.