तक्रारीनंतरचा छळ (सोलापूर)

सहकाऱ्याच्या कथित गैरवर्तनाची तक्रार केल्याबद्दल तक्रारदाराला कामाच्या ठिकाणी दिला जाणारा त्रास. तक्रार अफरातफरीची, खोट्या हजेरीची, मालचोरीची किंवा लैंगिक छळाची असू शकते. त्रास देणारा दरवेळी तोच सहकारी असतो असे नाही. त्याचा गट आणि प्रकरण आपल्यावर शेकेल या धास्तीतले वरिष्ठही त्यात उतरतात. आरोप पुढे सिद्ध होवो वा न होवो, छळ गैरच असतो. चौकशी संपेपर्यंत आरोपित जसा दोषी ठरत नाही, तसा तक्रारदारही शिक्षेस पात्र होत नाही.

कचेरीत हा छळ किरकोळ गोष्टींनी सुरू होतो. बैठकीचा निरोप मिळत नाही, डबा खाताना टेबल रिकामे होते, पाच मिनिटांच्या उशिराबद्दल मेमो हाती पडतो, गोपनीय अहवालाचा शेरा अचानक उतरतो. एकेकटी घटना दाखवली तर ऐकणारा हसतो. म्हणूनच तारीखवार टिपण आणि आवक क्रमांक घातलेली पोच यांना मोल आहे. तक्रार आधी आणि मेमो नंतर, हा क्रम त्यातूनच दिसतो. तोंडी तक्रार करणाऱ्याकडे नेमके हेच नसते.

सोलापुरात मात्र मोठा कामगारवर्ग कचेरीबाहेरचा आहे. अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील चादर-टॉवेलच्या कारखान्यांत मजुरी बहुधा उत्पादनावर मिळते. सतत धागा तुटणारा माग वाट्याला दिला की आठवड्याचा पगार आपोआप घटतो आणि कुणी शिक्षा केली असे म्हणता येत नाही. विडी कामगार स्त्रिया ब्रँचमधून, म्हणजे विडी कंपनीच्या केंद्रातून, पान-तंबाखू घरी नेतात आणि वळलेल्या विड्या परत आणून देतात. मजुरी हजारी हिशेबाने असते आणि सदोष विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात. तक्रार तपासनिसाविरुद्ध किंवा त्याच्या मर्जीतल्या माणसाविरुद्ध असेल, तर पान फाटके मिळते आणि छाट वाढते. इथे डूख धरायला कागद लागत नाही, त्यामुळे पुरावाही उरत नाही. त्यातच शहराच्या पूर्व भागात, या कामगारांच्या वस्तीत, कामाचे सोबती हेच अनेकदा शेजारी आणि सोयरे असतात. ‘आपल्याच माणसाच्या पोटावर पाय दिला’ हा ठपका मग घरापर्यंत येतो.

कायद्याचे संरक्षण आहे, पण तुकड्यातुकड्यांत. तक्रारदार कोणत्या आस्थापनेत आहे, त्यावर दार ठरते. कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाच्या १९७१ च्या राज्य कायद्याने सूडबुद्धीने काढून टाकणे आणि दुष्ट हेतूने बदली करणे या अनुचित प्रथा ठरवल्या. त्याखालील तक्रारीची मुदत ९० दिवस. शासकीय कर्मचाऱ्यांना बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमाचा आधार आहे. साधारण पदावधी ३ वर्षांचा. मुदतपूर्व बदलीला लेखी कारण आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. दाद प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे. खासगी शाळांतील शिक्षकांसाठी १९७७ चा कायदा आहे, पण शाळा न्यायाधिकरणाकडे जाता येते ते मुख्यतः बडतर्फी किंवा पदावनती झाल्यावर. स्टाफरूममधल्या अबोल्यावर तिथे अपील नाही.

लैंगिक छळाबाबत २०१३ चा कायदा अधिक स्पष्ट आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लेखी तक्रारीची मुदत ३ महिने असून ती आणखी ३ महिने वाढवता येते. चौकशीदरम्यान दोघांपैकी कुणाचीही बदली करता येते, मात्र ती पीडितेने लेखी मागितल्यावर. ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणत तिलाच परस्पर दुसरीकडे पाठवणे या तरतुदीत बसत नाही, तरी सोयीचे म्हणून तेच केले जाते. केवळ पुराव्याअभावी तक्रार खोटी ठरत नाही, हेही याच कायद्यात लिहिले आहे.

महामार्ग प्रकल्पातला भ्रष्टाचार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांच्या २००३ मधील हत्येनंतर जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाची मागणी वाढली. त्यासाठीचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण लागू केला गेला नाही. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर सोलापूरकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या (फिरत्या खंडपीठाच्या) कक्षेत सोलापूर जिल्हा येतो.